वारसा पाहा, मुक्काम करू नका!

एखादे शहर कोणाचे आहे हे ठरवायचे झाले, तर त्यात दिवसा कोण हिंडते हे पाहू नये. रात्री कोण झोपते ते पाहावे. दिवसा रस्ता सर्वांचाच असतो. पालिकेच्या बाकावर कोणीही टेकावे, कारंज्याकडे कोणीही पाहावे, शेंगदाण्यांची पुडी घेऊन कोणीही समुद्राकाठी बसावे. त्याबद्दल अजून तरी कोणी पैसे मागत नाही. पण दिवे लागले, कचेऱ्या बंद झाल्या आणि माणसाला पाठ टेकण्यापुरती जागा हवी झाली, म्हणजे शहर आपल्या मनातले खरे बोलते. 'ये, पड इथे' असे तरी ते म्हणते, किंवा 'आता तू घरी जा' असे तरी म्हणते.

मुंबईचा कोट, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले फोर्ट, गेली काही वर्षे आमच्यासारख्या बाहेरगावच्या माणसांना दुसरे वाक्य ऐकवू लागला आहे. ते तो दरडावून ऐकवत नाही. मोठ्या सभ्यपणाने, सौंदर्याच्या आणि इतिहासाच्या भाषेत ऐकवतो. माझा हा लेख त्या सभ्यपणाविरुद्ध आहे.

लिहिणाऱ्याची पायरी वाचकाला ठाऊक असावी, म्हणून सांगतो. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिक झाल्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली; त्यापलीकडे माझ्या शिक्षणात सांगण्यासारखे काही नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या. त्या ज्यांनी वाचल्या त्यांतले निम्मे माझे नातेवाईक आहेत. वय पंचेचाळीस. गेली वीस-बावीस वर्षे मी वर्षातून दोन-तीन वेळा मुंबईला येतो. कधी रेखाकला परीक्षेच्या कामासाठी, कधी प्रकाशकाकडे, कधी जहांगीर कलादालनातल्या एखाद्या प्रदर्शनासाठी, तर कधी गावातल्या कोणाच्या तरी दुखण्यात सोबतीला. रात्री सोलापूरहून गाडीत बसायचे, सकाळी बोरीबंदरला उतरायचे आणि तिथून हुतात्मा चौकापर्यंतच्या टापूत एखाद्या स्वस्त लॉजचा जिना चढायचा, हा माझा ठरलेला क्रम. तेव्हा या जुन्या इमारतींच्या बांधणीवर बोलण्याचा अधिकार मला नसेल. पण त्यांच्या पोटात झोपण्याचा अनुभव त्यांच्यावर व्याख्याने देणाऱ्या बहुतेक विद्वानांपेक्षा मला अधिक आहे.

अशा एका विद्वानांचे व्याख्यान गेल्या हिवाळ्यात मी ऐकले. पडद्यावर चित्रे दाखवून ते बोलत होते. माणूस अभ्यासू, वाणी गोड. त्यांनी सांगितले, की या वास्तूंचे शत्रू दोन: एक कबुतरे, आणि दुसरे लॉजवाले. मग त्यांनी एका इमारतीची दोन चित्रे दाखवली, आधीचे आणि नंतरचे. आधीच्या चित्रात तिसऱ्या मजल्याच्या कोरीव सज्जावर लॉजची पाटी होती आणि दोरीवर दोन पंचे वाळत होते. नंतरच्या चित्रात पाटी गेली होती, पंचे गेले होते, दगड धुऊन पिवळाधमक झाला होता, आणि खाली काचेच्या दारामागे कॉफी पिणारी मंडळी बसली होती. सभागृहात टाळ्या झाल्या. त्या दोरीवरचे पंचे माझे नव्हते. पण ते माझे असू शकले असते. आणि त्या पंचांची माणसे आता कुठे उतरतात, हा प्रश्न त्या भरलेल्या सभागृहात एकालाही पडला नाही.

कोणी म्हणेल, मास्तरांना सौंदर्याचे वावडे दिसते. तसे मुळीच नाही. या वास्तूंवर माझे प्रेम आहे, आणि ते व्याख्यान ऐकून जडलेले नाही. बोरीबंदरचे स्टेशन १८८८ साली पुरे झाले. त्याच्या दगडांवरची पाने, फुले, मोर, माकडे ही जवळच्याच सर ज. जी. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातची. ती मी माझ्या मुलांना कागदावर काढून दाखवतो आणि सांगतो, की बाबांनो, ही तुमच्यासारख्याच शिकाऊ पोरांची करणी आहे. २००४ साली या स्टेशनाला जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा मी शाळेत पेढे वाटले. २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या ९४ इमारतींना, म्हणजे एका बाजूच्या उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवरसारख्या गॉथिक वास्तूंना आणि समोरच्या बाजूच्या आर्ट डेको घरांना, तोच मान मिळाला. तेव्हाही मला आनंदच झाला. वारसा जपावा की नाही, हा माझा वादच नाही. वारसा म्हणून नेमके काय जपायचे, हा माझा वाद आहे.

आता ज्याला शत्रू म्हटले गेले तो लॉज कसा असतो, ते पाहू. मी त्याची वकिली करण्यासाठी खोटे बोलणार नाही. जिना सागवानी, पण पायऱ्या मधोमध झिजून होडीसारख्या झालेल्या. वर गेल्यावर एक मेज, एक जाडजूड वही आणि वहीमागे एक कंटाळलेला माणूस. मूळचा दिवाणखाना चांगला पंधरा-सोळा फूट उंच. त्यात प्लायवुडच्या फळ्या उभ्या करून आठ-दहा खोल्या पाडलेल्या. फळ्या छतापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे वरच्या मोकळ्या जागेतून शेजाऱ्याचा खोकला, त्याचे घोरणे आणि त्याचा बायकोशी फोनवरचा संवाद आपल्याकडे न मागता येतो. दहांतल्या दोन खोल्यांना खिडकी असते आणि ती खिडकी तुमच्या वाट्याला कधीच येत नाही. न्हाणीघर सामाईक, गरम पाणी सकाळी सहा ते आठ, तेही बादलीने. गेल्या खेपेला या सुखाचे मला एका रात्रीला अकराशे रुपये पडले. चादर धुतलेली होती असे मालकाचे म्हणणे. मी ते मान्य केले, कारण दुसरा इलाज नव्हता.

हे सारे खरे. पण या वर्णनावर जे थांबतात, त्यांनी ती मेजावरची जाडजूड वही उघडून पाहिलेली नसते. कोणत्याही लॉजमध्ये ती असते. नाव, गाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार, आणि शेवटचा रकाना: येण्याचे कारण. माझी सही करता करता वरच्या ओळी वाचायची मला खोड आहे. कादंबरीकाराला एवढी चोरी माफ असावी. एकदा पाहिले, तर कारणे अशी होती: 'जमिनीची अपील'. 'मुलीची परीक्षा'. 'आईचे ऑपरेशन'. 'माल दाखवणे'. 'पेन्शन'. 'पासपोर्ट'. एका म्हाताऱ्याने नुसते 'साहेबांना भेटणे' एवढेच लिहिले होते. कोणत्या साहेबांना, ते बहुधा त्यालाही कळायचे होते. माझ्या लेखी महाराष्ट्राच्या कारभाराचा इतका प्रामाणिक इतिहास दुसऱ्या कोणत्याही वहीत लिहिला जात नसेल. न्यायालये कोटात, मंत्रालय त्याच्या टोकाला, रिझर्व्ह बँक कोटात, कामा, जी. टी. आणि सेंट जॉर्ज ही सरकारी रुग्णालये स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. राज्याने आपली सारी दारे एका टापूत मांडली आहेत. ज्याने दार इथे ठेवले, त्याने दाराशी ताटकळणाऱ्याला ओसरीही इथेच ठेवावी, हा साधा घरंदाजपणा आहे. ती ओसरी सरकारने ठेवली नाही. फळ्या ठोकून का होईना, लॉजवाल्यांनी ती ठेवली.

या भागाचा इतिहास ज्यांना जपायचा आहे, त्यांनी तो नीट वाचावा, एवढीच माझी विनंती आहे. कोट म्हणजे खरोखरीचा कोट होता. तट होते, खंदक होता आणि अपोलो गेट, चर्च गेट, बाजार गेट असे तीन दरवाजे होते. १८०३ साली आत मोठी आग लागली. त्यानंतर दाट वस्तीतल्या पुष्कळ देशी लोकांना तटाबाहेर नवी वस्ती करून राहावे लागले. तटापलीकडे तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे मैदान राखले होते. १८६० नंतर, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकीर्दीत, तट पाडले गेले आणि कापसाच्या तेजीतल्या पैशावर आज आपण ज्यांचे फोटो काढतो त्या इमारती मोकळ्या मैदानावर उठू लागल्या. म्हणजे या वारशाचा जन्मच मुळी भिंत पाडण्यातून झालेला आहे. त्याच वारशाच्या नावाने पुन्हा भिंत उभारायची, आणि या खेपेला ती दगडांऐवजी खोलीभाड्याची उभारायची, हा इतिहासाचा आदर नव्हे. ही इतिहासाची थट्टा आहे.

वॉटसन हॉटेलचे उदाहरण घ्या. इंग्लंडात ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजाने आणून काळा घोड्याजवळ ते उभारले गेले. राहणारे गोरे, आपल्या माणसाने तिथे उतरावे अशी सोय नव्हती. तिथे जागा नाकारल्यामुळे जमशेटजी टाटांनी ताज बांधले, अशी एक आख्यायिका आहे. तिच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. १८९६ साली मार्क ट्वेन तिथे उतरला, आणि त्याच वर्षी ७ जुलैला त्याच वास्तूत ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली. पुढे ताज झाले, वॉटसनचे दिवस फिरले, हॉटेल मोडले आणि एस्प्लनेड मॅन्शन या नावाने त्याच सुंदर दालनांत खुराडी पडली. वकिलांच्या कचेऱ्या आल्या, टंकलेखक आले, झेरॉक्सवाले आले. कोर्टाच्या पायरीवर गोंधळलेल्या खेडुताला प्रतिज्ञापत्र करून मिळण्याचे ते ठिकाण झाले. मग छपरे गळू लागली, २००५ साली इमारतीचा भाग कोसळून माणूस दगावला, आणि २०१९ साली ती रिकामी करण्यात आली.

याचा बोध व्याख्याते असा सांगतात, की पाहा, खुराड्यांनी राजवाडा खाल्ला. मी म्हणतो, खुराड्यांनी तो खाल्ला नाही, बेपर्वाईने खाल्ला. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली. मालक म्हणाला, एवढ्याशा भाड्यात मी कौल का फिरवू? भाडेकरू म्हणाला, घर माझे नाही, मी भिंत का सारवू? सरकारने दोघांकडे पाहिले आणि फाईल पुढच्या टेबलावर सरकवली. या तिघांच्या भांडणात लोखंड गंजले. प्लायवुडच्या फळीला गुन्हेगार ठरवले की तिघेही निर्दोष सुटतात. म्हणून तिला गुन्हेगार ठरवणे सर्वांच्या सोयीचे आहे.

आणि ज्याला वारसा म्हणायचे, तो केवळ गव्हर्नरांनी आणि मार्क ट्वेनने पावन केलेला असतो काय? क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहाची आठवण मराठी माणसाला करून द्यावी लागू नये. ते ताज नव्हते, संस्थानिकाचा बंगलाही नव्हता. ते बाहेरगावच्या माणसांनी उतरण्याचे, जेवणाखाण्याची सोय असलेले निवासगृह होते. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथे उतरत. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तो तिथेच, आणि त्यांच्या अंत्यदर्शनासाठी मुंबई लोटली तीही त्याच दारात. ज्या माणसाला देशाने लोकमान्य म्हटले, त्याचा शेवटचा श्वास मुंबईतल्या एका उतारूखोलीत गेला, ही गोष्ट या शहराच्या इतिहासात राजाबाई टॉवरइतकीच उंच आहे. उतारूखोली नसती, तर पुण्याचे राजकारण, विदर्भाचे गाऱ्हाणे, कोकणचे दारिद्र्य आणि सोलापूरचा संप यांतले काय मुंबईपर्यंत पोचले असते? चळवळी भाषणांनी होतात असे आपण शिकवतो. पण भाषण करणाऱ्याला रात्री कुठे तरी झोपावे लागते, हे शिकवायला विसरतो.

यापुढची गोष्ट अधिक कडू आहे. सरदारगृहाच्या काळात उतारूखोल्या होत्या, तरी त्या सर्वांसाठी नव्हत्या. १९१७ साली अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा जातीमुळे त्यांना गावात राहायला खोली मिळेना. पारशांच्या मुसाफिरखान्यात ते पारशी नाव सांगून राहिले, आणि ते उघड झाल्यावर काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. एवढा मोठा विद्वान त्या दिवशी जागेसाठी वणवणला आणि शेवटी एका बागेत बसून राहिला. तीस-बत्तीस वर्षांनी या देशाची घटना त्यांच्या देखरेखीखाली लिहिली गेली, तेव्हा तिच्या १५ व्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे यांच्या जोडीला 'हॉटेल' हाही शब्द स्पष्टपणे घातला गेला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येणार नाही! हा शब्द त्या कलमात सहज पडलेला नाही. बडोद्याच्या त्या रात्रीची किंमत देऊन तो तिथे आलेला आहे, असे मी मानतो.

फोर्टमधल्या लॉजच्या वहीत जातीचा रकाना नाही. ओळखपत्र दाखवा, पैसे मोजा, किल्ली घ्या. माझ्या खोलीच्या फळीपलीकडे कोण झोपला आहे हे मला ठाऊक नसते, आणि त्यालाही माझे ठाऊक नसते. सकाळी आम्ही दोघे एकाच नळाखाली तोंड धुतो. आमच्या गावात अजून जे पुरते झालेले नाही, ते या कळकट न्हाणीघरात दररोज होते. याला तुम्ही वारसा म्हणणार नाही? तर मग म्हणणार कशाला? कायद्याने उघडलेले हे दार किंमतीने पुन्हा लावून घेण्याचा उद्योग चालला आहे, आणि दाराला नवे पितळी कडे बसवले म्हणून आपण टाळ्या वाजवतो आहोत.

सरकारची दृष्टी किती स्वच्छ आहे, याचा नमुना करात दिसतो. १००० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हता. गरिबाच्या अंथरुणाला हात लावायचा नाही, एवढी लाज कायद्याने राखली होती. १८ जुलै २०२२ पासून ती लाज सुटली आणि त्या खोलीवर १२ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के झाला. ओझे हलके झाले, हे कबूल. पण आठशेची खोली आणि सात हजारांची खोली यांना एकाच मापाने मोजायचे, हा न्याय कोणत्या शाळेत शिकवतात? आमच्या शाळेत पहिलीतल्या मुलाला आणि दहावीतल्या मुलाला एकच प्रश्नपत्रिका दिली, तर मला नोकरीवरून काढतील. रेल्वेने २०२१ साली मुंबई सेंट्रलला झोपण्याच्या कुप्या काढल्या. 'पॉड' असे त्यांचे नाव. शेंगेत दाणा बसावा तसा माणूस आत बसतो. सोय वाईट नाही. पण ही सोय काही तासांच्या प्रवाशासाठी आहे. आईच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस आलेल्या माणसाने आपली पिशवी, स्टोव्हवरून आणलेली पेज आणि चिंता एका कुपीत कशी मावेल, तेवढे कोणी सांगावे.

माझे म्हणणे ज्यांना पटत नाही त्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. ते टाळून पुढे जाणे बरोबर नाही.

पहिला आक्षेप आगीचा. लाकडी जिने, प्लायवुडच्या भिंती, लोंबणाऱ्या तारा. एक ठिणगी पडली तर वास्तूही गेली आणि माणसेही गेली. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे, आणि लॉजवाले तो हसण्यावारी नेतात याचा मला संताप आहे. पण तारा लोंबत असतील तर तारा बदला! जिना एकच असेल तर दुसरा काढायला लावा. ज्या घरात चूल धूर करते, त्या घरातला स्वयंपाक बंद करून घरच्यांना 'उपाशी राहा' असे कोणी सांगत नाही. सुरक्षिततेच्या नावाने जिथे जिथे कुलूप लागते, तिथे काही काळाने महागडे दार उघडते. सुरक्षित स्वस्त खोली मात्र कुठेही उघडलेली मला दिसली नाही. म्हणून या काळजीच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका येते.

दुसरा आक्षेप असा, की आता इथे राहायचेच कशाला? अर्ज घरबसल्या भरता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले आणि सोलापूरकरांची अपिले तिकडे गेली. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. तेव्हा लांब कुठे तरी स्वस्तात राहा आणि दिवसा येऊन काम करून जा. कोल्हापूरचे खंडपीठ झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आणखी दहा कामे मुंबईबाहेर गेली तर मी पुन्हा पेढे वाटीन. पण मंत्रालय काही कोल्हापूरला गेलेले नाही. मध्यरात्री दीड वाजता रुग्णालयातून 'रक्ताची बाटली आणा' असा निरोप येतो, तेव्हा मेट्रोही झोपलेली असते. आणि मुख्य गोष्ट अशी, की 'दिवसा या, काम करा, रात्री वेशीबाहेर जा' ही आज्ञा महाराष्ट्राने पूर्वी ऐकलेली आहे. ती कोणाला दिली जात होती, हे आपल्या गावांच्या नकाशांवर अजून वाचता येते. ती नव्या रूपात, मेट्रोच्या तिकिटावर छापून, आम्हांला कोणी देऊ नये.

तिसरा आक्षेप सर्वांत हुशार आणि म्हणून सर्वांत पोकळ. तो म्हणतो, की फोर्टातली जमीन सोन्याच्या भावाची आहे. तिथे हजार रुपयांची खोली परवडणार कशी? बाजाराचा नियम आहे! ठीक. मग बाजाराचा नियम पुरता लावा. बाजाराला मोकळे सोडले, तर राजाबाई टॉवरच्या शेजारी साठ मजले उभे राहतील आणि हॉर्निमन सर्कलच्या बागेत गाड्या उभ्या राहतील. तसे होऊ नये म्हणून १९९५ साली वारसा-नियम केले गेले. यादी झाली, प्रती ठरल्या, आणि मालकाला सांगण्यात आले, की ही इमारत तुझी असली तरी तुला वाटेल तशी पाडता येणार नाही; कारण हिच्यावर सर्वांचा हक्क आहे. म्हणजे बाजाराचा नियम आपण या टापूत आधीच बाजूला ठेवलेला आहे, आणि तो ठेवला हे उत्तम केले. त्याच्या मोबदल्यात मालकांना वापर बदलण्याच्या आणि हस्तांतरणीय विकासहक्कांच्या सवलतीही दिल्या. आता माझा प्रश्न एवढाच आहे: दगडासाठी बाजूला ठेवता येतो तो नियम माणसासाठी बाजूला ठेवायची वेळ आली, की एकदम वेदवाक्य कसा होतो? 'सर्वांचा हक्क' यातल्या सर्वांत, दहा ते सहा या वेळेपुरतीच का होईना, मी होतो. सहानंतर माझे नाव यादीतून कोण खोडते?

नुसती तक्रार करून लेखणी ठेवणे मास्तराला शोभत नाही. वहीवर लाल शेरा मारला, तर खाली बरोबर उत्तरही लिहावे लागते. तेव्हा माझी उत्तरे अशी. ज्या मालकाला वारशाच्या नावाने सवलत घेऊन आपल्या वास्तूत हॉटेल काढायचे आहे, त्याने काही खोल्या साध्या माणसाला परवडणाऱ्या दरात कायम ठेवाव्यात. सवलत सर्वांच्या खिशातून मिळते, तर दारही सर्वांना थोडे उघडे राहावे. सरकारच्या ताब्यातल्या या भागातल्या जुन्या वास्तूंपैकी एखादी तरी पथिकाश्रम म्हणून चालवावी. तिथे रुग्णाचा नातेवाईक, परीक्षेला आलेली मुलगी आणि 'साहेबांना भेटणे' हा म्हातारा यांना पहिला मान असावा. जे लॉज आज चालू आहेत, त्यांना तारा, जिने आणि न्हाणीघरे सुधारण्यासाठी मुदत आणि स्वस्त कर्ज द्यावे. मुदतीत सुधारले नाहीत, तर खुशाल कुलूप ठोकावे. आणि १००० रुपयांच्या आतल्या खोलीवरचा कर पूर्वीसारखा शून्यावर आणावा. यांतल्या एकाही गोष्टीला राजाबाई टॉवरइतका दगड लागत नाही.

शेवटचे दोन शब्द त्या नव्या रसिकांशी, जे रविवारी सकाळी टोप्या घालून, मार्गदर्शकाच्या मागोमाग या रस्त्यांवरून माना वर करून हिंडतात. मंडळी, अवश्य हिंडा. दगड पाहा, कमानी पाहा. माझ्या मुलांना मी जे मोर आणि माकडे काढायला शिकवतो, तेही पाहा. दीडशे वर्षे झाली, ऊनपावसात त्या दगडी माकडाची जागा कोणी हलवलेली नाही; त्याला धुतात, पुसतात, त्याचे शेपूट मोडले तर कारागीर बोलावतात. माझी तक्रार त्याच्याविरुद्ध नाही. ते जिथे बसले आहे तिथे सुखाने बसो. पण ज्या राज्याला भिंतीवरच्या माकडाची कायम जागा राखता येते, त्याला त्याच भिंतीच्या आत, अपील घेऊन आलेल्या शेतकऱ्याला एक रात्रीची खाट राखता येत नाही, असे मला कोणी सांगू नये. जमत नाही असे नाही. राखायची नाही, एवढेच खरे आहे. तेवढे तरी उघडपणे म्हणा.